शनिवारी न्यायचे चित्र

शनिवारी सकाळी साडेनऊपासून दिवस मावळेपर्यंत ते पुढच्या खोलीच्या खिडकीत खुर्ची टाकून बसत. टाय लावलेला, डोक्यावर काळी टोपी, हात मांडीवर. समोर पेपर नाही, शेजारी रेडिओ नाही. रस्त्यावरून कोणी घराकडे वळले की ते उठून दार उघडत आणि इंग्रजीत सांगत, "आज बंद आहे. उद्या या." पोस्टमनलाही हेच सांगत. पोस्टमन पत्रे हातात देऊन "ओके, उद्या" म्हणत पुढे जाई. फ्रेमचे दुकान विकून त्यांना तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

लंडनच्या पिनर भागातल्या त्यांच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी पावणेतीन वर्षे राहिले. पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादकी करून मी लंडनला आले होते. नोकरी बातम्यांच्या भाषांतराची होती. स्टेशनजवळच्या दुकानातल्या फलकावर खोलीची जाहिरात होती आणि तिच्या खाली निळ्या शाईत मराठी ओळ होती: 'मराठी बोलणाऱ्यास प्राधान्य.' कोणी दादरकर किंवा ठाणेकर असतील असे वाटले होते. दाराच्या चौकटीवर मेझुझा, ज्यू घरांना असते ती प्रार्थनेची नळी, पाहिल्यावर अंदाज चुकल्याचे कळले. ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू होते, मूळ अलिबागजवळचे, वाढले मुंबईत. साठच्या दशकात इंग्लंडला आले ते इथेच राहिले.

"पेपरवाली ती तूच का गो?"

"हो, अंकल."

"अंकल तुझ्या ऑफिसात. इथे काका म्हण. मुलगा डॅड म्हणतो, नातवंडं ग्रँडपा म्हणतात, शेजारी मिस्टर म्हणतो. काका म्हणायला कोणी नाही म्हणून तर जाहिरात दिली."

त्यांची मराठी चाळीस वर्षांपूर्वीची होती. तिच्यात 'गो' आणि 'हय' होते, आणि त्यांच्या शेजारी 'काउन्सिलवाले' आणि 'रॅडिएटर' निवांत बसत. शनिवारबद्दल विचारले तेव्हा म्हणाले, "आम्हाला कोकणात शनवार तेली म्हणायचे. शनिवार आमचा धर्माच्या सुट्टीचा, घाणा बंद. पुढे घाणा गेला, तेल गेलं, गाव गेलं. शनिवार तेवढा राहिला."

घरात पाऊल ठेवल्यावर आधी भिंती दिसत. जिन्यापासून बाथरूमच्या दारापर्यंत फ्रेमाच फ्रेमा. एका गुजराती जोडप्याचा लग्नाचा फोटो. पॉलिटेक्निकची पदवी. जीभ बाहेर काढलेला कुत्रा. भरतकामातले झोपडे. मागच्या रांगेतला एक जण डोळे मिटून उभा असलेला क्रिकेटचा संघ. पहिल्या दिवशी मी कुत्र्याचे नाव विचारले.

"मला काय ठाऊक? माझं कोणी नाही यात. हे पाहुणे आहेत."

लोकांनी फ्रेम करायला दिलेल्या आणि परत न्यायला न आलेल्या त्या वस्तू होत्या. दुकान विकताना दुसऱ्या कोणी त्या कचऱ्यात टाकल्या किंवा चॅरिटी शॉपला दिल्या असत्या. त्यांनी व्हॅन करून घरी आणल्या. प्रत्येकीच्या मागे नाव, पत्ता आणि गिऱ्हाईकाला दिलेल्या चिठ्ठीचा नंबर होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते जेवणाच्या टेबलावर बसून प्रत्येकाला एक कार्ड लिहीत. मजकूर ठरलेला: 'तुमचे काम तयार आहे.'

कार्डाला उत्तर क्वचित येई. मी राहायला गेले त्या वर्षी लग्नाच्या फोटोतला नवरा आला. केस गेले होते, बाकी चेहरा तोच. काकांनी त्याला चहा दिला, फोटो काढून दाखवला आणि चिठ्ठी मागितली.

"चिठ्ठी नाही. पण हा मीच आहे," तो काचेवर बोट ठेवून म्हणाला.

"दिसतंय. चिठ्ठी?"

"अहो, माझंच लग्न आहे हे!"

"फोटोत दोघं आहेत. तुम्हाला दिला आणि उद्या त्या आल्या, तर मी काय दाखवू?"

चार दिवसांनी तो चिठ्ठी घेऊन आला. बायकोच्या पाककृतींच्या वहीत सापडली होती. काकांनी नंबर जुळवला, काच पुसली आणि फोटो दिला. तो गेल्यावर भिंतीवरच्या फिकट चौकोनाकडे बघून म्हणाले, "एक गेला. बरं वाटलं."

चिठ्ठी आणेल त्याला काम, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की वस्तू कुठून आली हे गिऱ्हाईकाला विचारायचे नाही. "डॉक्टरने विचारावं. फ्रेमवाल्याने विचारू नये." या नियमाचा उगम मुंबईतला होता. तिथे ते उमेदवारी करत असताना एक गृहस्थ मोठा फोटो घेऊन आले. काकांनी मालकासमोर हुशारी दाखवत विचारले, "चंदनाच्या हाराला वर खिळा ठोकू का?" फोटो त्या गृहस्थांचाच होता. ते फोटो उचलून निघून गेले आणि मालकाने काकांना आठवडाभर फक्त काचा पुसायला लावल्या.

त्या दुकानात त्यांनी हजारो देव फ्रेम केले. गणपती, दत्त, येशू, मक्का, गुरू नानक. "आमच्यात देवाचं चित्र चालत नाही," ते सांगत. "आणि माझं पोट भरलं सगळ्यांच्या देवांवर. कोणी तक्रार केली नाही. आमच्याने पण नाही."

कुठेही गेले तरी ते भिंतीवरच्या चित्राचा खालचा कोपरा उचलून मागे बघत. डॉक्टरच्या दवाखान्यातल्या वेटिंग रूममध्ये रिसेप्शनिस्टने त्यांना दोनदा हटकले होते. तिसऱ्यांदा ती काही बोलण्याआधी त्यांनीच तिला सांगितले, की हे चित्र पुड्या बांधायच्या सुतळीने टांगले आहे आणि कधीतरी कोणा पेशंटच्या डोक्यावर पडेल. पुढच्या भेटीत सुतळीच्या जागी तार होती. "चित्र समोरून कोणीही बघतं," हे त्यांचे वाक्य मी किती वेळा ऐकले, ते सांगता येणार नाही.

जिन्याच्या वळणावर एक निसर्गचित्र होते. तैलरंगातले, हातभर रुंद. संथ नदी, काठाला बांधलेला तराफा, पलीकडे उंच झाडांची रांग आणि निम्म्याहून अधिक जागा घेतलेले आभाळ. माणूस एकही नाही. घरी येणाऱ्या मराठी माणसांपैकी एकाला तरी ती रेवदंड्याची खाडी वाटे.

"खाडीचं पाणी असं गप्प बसत नाही," काका म्हणत. चित्र त्यांना आवडत नव्हते. आभाळ जड आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

पण शनिवारच्या खुर्चीचे कारण ते चित्र होते. सत्तरच्या दशकात एक उंच इंग्रज गृहस्थ ते दुकानात घेऊन आला. बूट चकचकीत, बोलणे मोजके. अक्रोडी रंगाची पट्टी निवडली आणि म्हणाला, "शनिवारी नेतो." काका "यस सर" म्हणून मोकळे झाले. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की शनिवारी दुकान बंद असते. पत्ता होता, फोन नव्हता. पत्र टाकावे तर शनिवारच्या आत पोचेल याची खात्री नव्हती. गृहस्थ पुन्हा आला नाही. तो शनिवारी येऊन बंद दारावरून परत गेला आणि अपमान समजून बसला, याबद्दल काकांच्या मनात शंका नव्हती. तेव्हापासून ते शनिवारी बंद दुकानासमोर खुर्ची टाकून बसू लागले. कोणी आले तर निदान सांगायला माणूस असावा. दुकान गेल्यावर खुर्ची घरात आली.

दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत जिना रंगवायला काढला. फ्रेमा उतरवताना रंगाऱ्याच्या शिडीचे टोक निसर्गचित्राच्या मागच्या तपकिरी कागदात घुसले आणि कागद उभा फाटला. आत, कॅनव्हासच्या लाकडी चौकटीवर, लाल रंगात एक नंबर होता. शेजारी गोल शिक्का. अक्षरे रोमन, पण त्यांच्या वर-खाली इंग्रजीत नसतात अशा खुणा. त्याखाली दुसऱ्याच वळणाचा, साच्यातून उमटवलेला आणखी एक नंबर.

"काका, हे बघितलंत?"

"ठाऊक आहे. कागद मीच लावलाय."

"कसला नंबर आहे?"

"नंबर सगळ्यांच्या पाठीवर असतात. लिलावाचे, गोदामाचे. तू त्या पोराला आधी शिडी बाजूला घ्यायला सांग."

मी दोन्ही नंबर उतरवून घेतले. पोलंडमधल्या एका लहान शहराच्या संग्रहालयाने युद्धात गेलेल्या वस्तूंची यादी इंटरनेटवर ठेवली होती. तिथे पोचायला दोन संध्याकाळी लागल्या. यादीत युद्धापूर्वीचा एक कृष्णधवल फोटो होता. तोच तराफा, तीच झाडे. खाली लाल रंगातला तोच नंबर. शहर ताब्यात घेतल्यावर जर्मन सैन्याने संग्रहालयातली चित्रे पेट्यांत भरून नेली होती; साच्यातला नंबर त्यांचा असावा. काही परत आली. हे आले नव्हते.

काकांच्या परवानगीने, त्यांच्याच नावाने मी पत्र पाठवले. दहा दिवसांत एका अधिकारी बाईंचे उत्तर आले. आभाळाच्या डाव्या कोपऱ्यात मागून तळहाताएवढे ठिगळ आहे का, असे त्यांनी विचारले होते. ठिगळ होते. शेवटी त्यांनी एक सौम्य वाक्य लिहिले होते: तुमच्या नावावरून वाटते, की त्या काळाने तुमच्या कुटुंबाकडूनही काही हिरावून घेतले असेल.

काकांनी ते वाक्य दोनदा वाचून घेतले. "लिही, आमच्यावर असं काही आलं नाही. ते दिवस चालू होते तेव्हा आम्ही अलिबागला नारळ सोलत होतो."

"असंच लिहू?"

"असंच. दुसऱ्याचं दुःख आपल्या नावावर लावून घेऊ नये."

आता चित्र परत जाईल असे मी धरून चालले होते. तसे झाले नाही.

"काका, हे त्यांचं आहे."

"असेल."

"असेल काय? फोटो जुळतो, नंबर जुळतो, ठिगळ जुळतं."

"चिठ्ठी आहे?"

"लुटून नेलेल्या चित्राची चिठ्ठी कुठून आणणार ते?"

"मग ज्याने मला दिलं, त्याला विचारायला पाहिजे. म्युझियमने मला दिलेलं नाही."

"चोरीचा माल आहे तो."

"माझ्याकडे चोरून नाही आला. दिवसाढवळ्या, दारातून, गुड मॉर्निंग म्हणून आला. मी त्याला यस सर म्हटलंय."

मी आवाज चढवला, त्यांनी चढवला नाही. त्यांच्या मते प्रश्न साधा होता. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे आहे. ती तिसऱ्याची आहे असे कळले, म्हणून दुसऱ्याच्या पाठीमागे देऊन टाकता येत नाही. आज पोलंडसाठी नियम मोडला, तर उद्या कुत्रा कोणालाही द्यावा लागेल. "तू गिऱ्हाईक शोध," ते म्हणाले. "मी नाही म्हणतोय का?"

त्या गृहस्थाला पाठवलेली गेल्या दोन जानेवारींची कार्डे 'इथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आली होती. घर जुन्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर होते. शेजारणीने सांगितले, की तो दोन वर्षांपूर्वी वारला, बायको त्याच्या आधीच गेली होती, मुलगी कॉव्हेंट्रीला असते. तिने फोन नंबर दिला. मी नाव सांगून फ्रेमच्या दुकानाबद्दल बोलू लागले, तशी मुलगी हसली.

"कार्डवाले? सगळी कार्डं आहेत माझ्याकडे. डॅडनी एकही टाकलं नाही. चिठ्ठीसुद्धा आहे."

ती शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करत होती. रविवारी नवऱ्याची आई असे. तिला फक्त शनिवार जमणार होता. मी रिसीव्हरवर हात ठेवून काकांना विचारले.

"येऊ दे. शनिवारी नेतो म्हणाला होता ना?"

संग्रहालयाबद्दल फोनवर काही बोलायचे नाही, असे त्यांनी मला बजावले. ही तिची फसवणूक आहे, असे मी म्हटले.

"आधी सांगितलं तर ती घाबरून येणारच नाही. मग मी चित्र द्यायचं कोणाला? आधी काम तिच्या हातात. मग सगळं सांगू."

त्याच आठवड्यात संग्रहालयाचे दुसरे पत्र आले. आमचा प्रतिनिधी महिनाभरात लंडनला येईल. तोवर चित्र कृपया इतर कोणाच्याही ताब्यात देऊ नये. मी ते मराठीत सांगितले, मग पुन्हा इंग्रजीत वाचून दाखवले.

"बरं लिहिलंय," काका म्हणाले. "ठेव टेबलावर."

डिसेंबरमधला शनिवार होता. ती दुपारी दोनच्या सुमारास आली. चाळिशीची, जाड कोट, हातात बिस्किटांचा डबा. काकांनी दार उघडले आणि सवयीने म्हणाले, "आज बंद आहे." मग बाजूला झाले. "पण आत या."

तिने बसल्या बसल्या गुलाबी चिठ्ठी टेबलावर ठेवली. काकांनी हात मागे घेतले. दिवस मावळून शनिवार संपल्याशिवाय व्यवहार नाही. सिनेगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, छापील तक्त्याप्रमाणे त्या दिवशी शनिवार पाच वाजायला दहा मिनिटे असताना संपणार होता. "थांबाल ना?" त्यांनी विचारले. शनिवारी चूल पेटवायची नाही म्हणून शुक्रवारी भरून ठेवलेल्या थर्मासमधला चहा तिने घेतला आणि थांबली.

काका उभे राहिले. त्यांनी भाषण तयार केले होते. तीस वर्षांपूर्वी तुमचे वडील शनिवारी आले, दुकान बंद होते, त्यांना परत जावे लागले. मी हो म्हटले होते, ती माझी चूक. त्यांची माफी मागायची राहिली, तुमची मागतो.

तिने कप खाली ठेवला. "ते आलेच नव्हते."

"आले असतील. तुम्ही तेव्हा लहान—"

"नाही, ऐका. तुमच्या दारावर पाटी होती ना, शनिवारी बंद? ती वाचूनच त्यांनी शनिवार सांगितला. माझी मम सगळ्यांना हसून सांगायची. तिला ते चित्र घरात नको होतं. डॅडना ते टाकवत नव्हतं, विकवतही नव्हतं. मग म्हणाले, फ्रेम करायला देतो."

काका खाली बसले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मला वाटत होतं मी एक गिऱ्हाईक घालवलं. त्याने मला गोदाम केलं गो."

ती "सॉरी" म्हणाली. काकांनी हात हलवला आणि बिस्किटांचा डबा उघडायला सांगितला. अपमान झाल्याचे चेहऱ्यावर नव्हते. उलट एका जुन्या दुखण्याचे खरे निदान कळल्यासारखे दिसत होते.

पाचपर्यंतच्या वेळात तिने बाकीचे सांगितले. वडील कॉव्हेंट्रीचे. ते सैन्यात लॉरी चालवत असताना इकडे त्यांच्या आईचे घर बॉम्बहल्ल्यात गेले. आई वाचली, घरातली एक खुर्चीसुद्धा वाचली नाही. युद्ध संपता संपता जर्मनीतल्या एका मोठ्या घराच्या कोठारात त्यांना भिंतीला टेकवलेली चित्रे दिसली. "त्यांनी माझ्या आईचं घर नेलं, मी त्यांचं एक चित्र आणलं," असे ते म्हणत. म्हणजे एकदाच म्हणाले होते, ती म्हणाली. पुन्हा विषय काढू दिला नाही.

मी टेबलावरच्या पत्राकडे पाहिले. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते.

पाचला दहा कमी असताना ते उठले. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमधून जुने पावतीपुस्तक काढले, गुलाबी चिठ्ठी उलट अर्ध्याशी लावली, फाटलेली कड कडेला जुळली. जिन्यावरून चित्र आणले. फाटलेला तपकिरी कागद त्यांनी पूर्ण काढून टाकला होता. फ्रेम फडक्याने पुसली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मग चित्र तिच्या हातात दिले आणि चिठ्ठीवर आडवी रेघ मारली.

"काम पूर्ण. आता हे तुमच्याकडे आहे. बसा आणि पाठ वाचा."

तिने चित्र उलटे करून मांडीवर घेतले. काकांनी संग्रहालयाची दोन्ही पत्रे तिच्यापुढे ठेवली. दुसरेही. ती सावकाश वाचत होती. एका जागी थांबून पुन्हा वरून वाचले.

"हे जर्मनांचं नव्हतं?"

"नाही," काका म्हणाले.

"त्यांनीही ते दुसऱ्यांचं नेलेलं?"

"हो."

"डॅडना ठाऊक होतं?"

"मला सांगता येणार नाही. नंबर त्यांनी पाहिला असेल. वाचला का, ते माहीत नाही."

तिने विचारले, मी काय करावे. काका म्हणाले, "ते सांगणं माझं काम नाही." ती उठली, कोट घातला, चित्र घोंगडीत गुंडाळून गाडीत ठेवले आणि निघून गेली. आम्ही दारात उभे होतो.

"गेलं," मी म्हटले. "आता ते कोणाला दिसायचं नाही."

"गेलं तर गेलं."

"आणि त्या बाईंना मी काय कळवू?"

"जे झालं ते. चिठ्ठी आली, चित्र दिलं. पुढचा पत्ता कॉव्हेंट्रीचा."

"ती विकेल, काका."

"पाठ वाचलीय तिने," असे म्हणून ते आत गेले आणि वरणाला फोडणी द्यायला लागले.

मी तसेच कळवले. संग्रहालयाचे उत्तर एका ओळीचे होते: आपली माहिती मिळाली. माझे आणि काकांचे आठवडाभर कामापुरतेच बोलणे झाले. त्यांना झोप नीट लागत होती, हे मला विशेष खटकत होते.

दुसऱ्या रविवारी, नवऱ्याची आई घरी असण्याचा दिवस असूनही, ती आली. घोंगडी तीच. चित्र तिने आपल्या घरी पुढच्या खोलीत तोंड भिंतीकडे करून ठेवले होते. नवऱ्याचे म्हणणे, विकू. साफसफाईला हूवर घेऊन त्या खोलीत गेले की तो लाल नंबर समोर येई, ती म्हणाली. तिने परस्पर संग्रहालयाला फोन केला होता. प्रतिनिधी मंगळवारी येणार होता आणि चित्र नीट बांधून द्यायला तिला काकाच हवे होते. शिवाय एक कागद होता. चित्र तुमच्याकडे कसे आले, याचे निवेदन संग्रहालयाने मागितले होते. तिने ते लिहून आणले होते आणि ते बरोबर आहे का, हे तिला माझ्याकडून तपासून हवे होते.

निवेदन चार ओळींचे होते. पहिली ओळ: 'युद्धाच्या अखेरीस माझ्या वडिलांना हे चित्र जर्मनीत सापडले.' भाषेत काही चूक नव्हती. मी तसे सांगितले.

"सापडलं?" काकांनी विचारले.

तिने कागद पुन्हा हातात घेतला.

"सापडतं ते रस्त्यावर. कोठारात होतं ना?"

"ते चोर नव्हते," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "ते आयुष्यभर बसच्या गॅरेजमध्ये कामाला होते. एक स्क्रूसुद्धा घरी आणला नाही त्यांनी. तुम्ही त्यांना एकदा पाहिलंत. दहा मिनिटं."

"दहाही नाही," काका म्हणाले. "चोर लिहा असं मी म्हणतच नाही. केलं तेवढं लिहा."

काका घोंगडी सोडून चित्र बांधू लागले. आधी मऊ कागद, मग पुठ्ठ्याचे कोपरे. तिने पेन उघडून बराच वेळ हातात धरले. मग 'सापडले' खोडले आणि वर लिहिले, 'घेतले'. ओळीची बाकीची रचना त्यामुळे बदलली. तीही तिने स्वतःच दुरुस्त केली. कागद माझ्याकडे न देता तिने काकांपुढे सरकवला.

त्यांनी तो चष्मा वर करून, डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग तिच्याकडे पेन मागितले. तिच्या सहीच्या खाली, इंग्रजीत, दुकानातल्या पावतीसारख्या सुट्या सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिले: 'फ्रेम मी केली. नंबर मी पाहिला होता. विचारले नाही. वर कागद चिकटवला.' आणि सही केली.

मी म्हटले, की त्यांचे निवेदन वेगळे देता येईल. उद्या ऑफिसातून स्वच्छ टाइप करून आणते.

"वेगळा कागद कशाला?" ते म्हणाले. "दोघांचं एकाच कागदावर जाऊ दे."